माळवद पाडण्याआधी

पावसाळा तोंडावर आला की मराठवाड्यात पडक्या वाड्यांना नोटिसा लागतात आणि वाद पेटतो. एक बाजू म्हणते, किल्लारी विसरलात का? पाडा आणि स्लॅब टाका. दुसरी म्हणते, वारसा आहे, हात लावू नका. मॅसॅच्युसेट्समधून पाहताना वाटतं, घर नेमकं कुठे कच्चं आहे हे दोघंही विचारत नाहीत.

30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपात जीव घेतले ते भिंतींनी आणि वरच्या वजनाने. भिंतीचे आतबाहेरचे दोन थर वेगळे रचलेले, मधे चिपा आणि माती, आरपार जाणारा दगड नाही. हादऱ्यात थर फुगून सुटले. माळवदावर, म्हणजे लाकडी तुळयांवरच्या सपाट मातीच्या छतावर, गळती थांबवायला वर्षानुवर्षं टाकलेली माती वेगळीच. 3 बाय 4 मीटरच्या खोलीवर 60 सेंटीमीटर माती म्हणजे साधारण साडेअकरा टन! भिंती कोसळल्या तरी खांब-तुळयांचे लाकडी सांगाडे मात्र कित्येक ठिकाणी उभे राहिले. म्हणजे दोष सगळ्या वाड्याचा नव्हता.

इथे बोस्टनजवळ डेडममध्ये फेअरबँक्स कुटुंबाचं लाकडी घर आहे. तुळयांतून बारीक गाभा काढून वर्षवलयं मोजली, तेव्हा लाकूडतोड 1637 ते 1641 च्या सुमाराची निघाली. मुघलांनी दौलताबाद घेतलं 1633 मध्ये; म्हणजे आपल्या हिशेबाने हे घर काही फार जुनं नाही. (ज्यांच्या भूमीवर ते उभं राहिलं त्या मूळ रहिवाशांची घरं कुणी जपली नाहीत, हेही खरं.) अशा घरांत आधी सडतो तो जमिनीलगतचा आडवा वासा, कारण भोवतालची माती चढत जाते आणि ओल धरते. तिथे कुजलेला तुकडाच कापून त्याच जातीचं लाकूड सांधतात. अख्खी चौकट उतरवत नाहीत.

माळवदालाही हाच न्याय लावावा. आधी तुळयांखाली टेकू द्या. मग माती दोन्ही बाजूंनी सारखी उतरवा. एकाच बाजूची काढली तर तुळई कलते. थर 20 सेंटीमीटरवर आणला की तेच वजन चार टनांच्या आत येतं. भिंतीत दर 60 सेंटीमीटर उंचीला, आडव्या अंतराने 1.2 मीटरच्या आत, आरपार दगड किंवा सळईसह काँक्रीटचा सांधा घाला. दगडांमधल्या फटी चुन्यानेच भरा. सिमेंटचा गिलावा ओल आत कोंडतो आणि भिंतीत शिरलेल्या तुळईचं टोक कुजवतो, जे बाहेरून दिसतही नाही.

खरी अडचण बहुधा भाऊबंदकीची. हिस्सेदार वाढले की माळवदावरचं गवत उपटायलाही कुणी चढत नाही. मुळांवाटे पाणी उतरतं आणि शेवटी नक्षीदार खांब भंगारवाला नेतो. फेअरबँक्सच्या वंशजांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला संस्था काढून घर तिच्या मालकीचं केलं. मॅसॅच्युसेट्समधल्या अनेक गावांत जुनं घर पाडायला अर्ज केला की गावाला ते पाडकाम सहा ते अठरा महिने थांबवता येतं. मुदत संपली की मालक पाडू शकतो, पण तोवर मोजमाप होतं, नकाशा निघतो, गिऱ्हाईकही शोधता येतं. जिवाला धोका असेल तिथे थांबू नये. बाकी वाड्यांसाठी आपल्या नगरपरिषदांनी निदान सहा महिन्यांचा असा नियम करून पाहावा.