ऑफिसला परत जाताय? अभिनंदन, कंपनी म्हणते घरून काम बंद झालं की आता तब्येत सुधारणार!

हिंजवडीत नोकरी असेल तर सकाळचं ध्यान घरी करू नका. भूमकर चौकातल्या ट्रॅफिकमध्ये भरपूर वेळ मिळतो. पावसाळ्यात जलविहार फुकट.

स्वतःच्या डेस्कचा मोह सोडा. खुर्ची आता रोज ॲपवर बुक करायची, ज्याला मिळेल त्याची.

चार्जर घरी विसरू नका, आयटीवाले तिकीट टाका म्हणतात, म्हणजे आधी ऑनलाइन विनंती नोंदवा.

आता कोलॅबरेशन, म्हणजे एकत्र बसून काम, कारण त्यासाठीच तर बोलावलंय ना. आमच्याकडे परवा स्ट्रेस मॅनेजमेंटचं सेशन होतं, हजेरी कंपल्सरी, घरून जॉईन केलेलं चालणार नाही असा खास मेल. लेकीच्या अंगात ताप, तिला आईकडे सोडून धावतपळत गेले, पार्किंग मिळेना, धापा टाकत वर पोचले तर सेशन टीम्सवर, म्हणजे व्हिडिओ कॉलवर! बोलणाऱ्या बाई गुरगावात, मॅनेजर बंगळुरूत, मीटिंग रूम फुल्ल, म्हणून आम्ही सगळे आपापल्या जागी हेडफोन लावून बसलेलो आणि शेजारचा माझ्याशी चॅटवर बोलतोय. बाई म्हणतात डोळे मिटा, खोल श्वास घ्या, आणि आपण घरातल्या आवडत्या कोपऱ्यात बसलोय असं इमॅजिन करा. अहो बाई, सकाळी तिथेच होते की मी!! वर फीडबॅक फॉर्म, नाव टाकणं कंपल्सरी.

पाळणाघराचं तर चुकूनही विचारू नका. ५० किंवा जास्त माणसं असतील तिथे पाळणाघर हवं, आईला दिवसातून चारदा तिथे जाऊ द्यायला हवं, हे कायद्यात २०१७ सालीच आलंय म्हणे. मी विचारलं तर एचआरने वेलनेस ॲपची लिंक पाठवली. त्यात पाणी किती प्यायलं ते भरायचं असतं.

अरे सरळ बोला ना! भाडं भरताय, खुर्च्या रिकाम्या दिसतात म्हणून बोलावताय, तर तसं सांगा, आमच्या तब्येतीचं नाव कशाला पुढे करता? मार्च २०२० मध्ये लॅपटॉप हातात देऊन घरी धाडलंत, डायनिंग टेबलवर बसून रात्री-रात्री प्रोजेक्टची डिलिव्हरी दिली तेव्हा बरा भरवसा होता आमच्यावर, आणि आता गेटवरच्या कार्डाच्या बीपवर रेटिंग ठरवता? लाज वाटू द्या जरा. ती फळांची टोपली आणि योगा मॅट ठेवा तुमच्याकडेच. यायच्या-जायच्या वेळा दोन तास मागेपुढे करू द्या, पोर आजारी असेल त्या दिवशी घरून काम करू द्या, आणि आम्हाला ज्या दिवशी बोलावता त्या दिवशी आधी तुम्ही या, सकाळी नऊला, वाकडच्या पुलावरून.