‘अकरा महिने, नोटरी, झालं काम’: एका फॉरवर्डचा प्रतिवाद

आमच्या घरच्या ग्रुपवर मामांनी परवा एक लांबलचक मेसेज टाकला. मावसभावाची ठाण्याला बदली झाली आहे, तो घर शोधतोय, त्याच्यासाठी. मेसेज तुमच्याही फोनमध्ये येऊन गेला असेल. त्याचा सारांश असा: ‘भाड्यानं घर घेताना वकिलाच्या नादी लागू नका. करार अकरा महिन्यांचा असला की रजिस्ट्रेशन लागत नाही, पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर नोटरी केली की काम झालं. लाइटबिल ज्याच्या नावावर तो मालक. घरावर कर्ज असेल तर तो मालकाचा प्रश्न. एकदा सही झाली की मुदत संपेपर्यंत तुम्हाला कुणी हलवू शकत नाही. आणि नव्या कायद्याप्रमाणे दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त डिपॉझिट मागताच येत नाही.’ खाली हात जोडलेले तीन आणि ‘सर्वांना पाठवा’.

मामांच्या हेतूबद्दल शंका नाही. पण या मेसेजवर विसंबून मावसभावानं सही केली, तर सगळ्यात महागडी चूक तोच करून बसेल. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘अकरा महिन्यांचा असला की रजिस्ट्रेशन लागत नाही’

हे साफ हवेतून आलेलं नाही. नोंदणी अधिनियम १९०८ चा, देशभर लागू. त्याच्या कलम १७ प्रमाणे एक वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो. एक वर्षाच्या आत राहिलं की सुटका, म्हणून अकराचा आकडा रूढ झाला. इतका की ‘अकरा महिन्यांचं अॅग्रीमेंट’ हा आपल्याकडे भाडेकराराला पर्यायी शब्दच होऊन बसला.

पण महाराष्ट्रात ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ लागू आहे, आणि त्याच्या कलम ५५ ची सुरुवातच ‘इतर कोणत्याही कायद्यात काहीही असलं तरी’ अशा अर्थाच्या शब्दांनी होते. पुढचं सोपं आहे: भाडेपट्टा असो की लिव्ह अँड लायसन्स (घर वापरायची नुसती परवानगी देणारा करार), तो लेखी हवा आणि नोंदलेला हवा. मुदतीची अट नाही. अकरा महिने, सहा महिने, पाच वर्षं, सगळ्यांना तोच नियम. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची, आणि ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. म्हणजे महाराष्ट्रापुरता हा मेसेज पंचवीस वर्षं शिळा आहे.

नोटरीचं म्हणाल, तर नोटरी एवढंच सांगतो की या माणसांनी माझ्यासमोर सह्या केल्या. त्यानं नोंदणी होत नाही. स्टॅम्पपेपर हा तर नुसता सरकारला शुल्क भरण्याचा मार्ग, आणि तेही शुल्क पाचशे असेल असं नाही. लिव्ह अँड लायसन्सवर साठ महिन्यांपर्यंतच्या कराराला मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के. ते लागतं एकूण भाड्यावर, परत न मिळणाऱ्या रकमेवर आणि परत मिळणाऱ्या डिपॉझिटच्या वार्षिक १० टक्के दरानं धरलेल्या व्याजावर. हेवी डिपॉझिट देऊन नाममात्र भाड्यानं राहणाऱ्यांनी ही शेवटची बाब पुन्हा वाचावी. साधा हिशेब: भाडं २०,००० रुपये, डिपॉझिट एक लाख, मुदत अकरा महिने. भाडे २,२०,०००, डिपॉझिटचं धरलेलं व्याज ९,१६७. त्यावर शुल्क होतं पावणेसहाशेच्या आसपास. वर शहरी भागात नोंदणी फी १,००० रुपये. ‘वाचवा, वाचवा’ म्हणून मेसेज जे वाचवू पाहतोय ते एवढंच.

आणि नोंदणी करायचीच आहे, तर अकरावर अडायचं कारण काय? दर तोच. दोन-तीन वर्षांचा करार केला तर दर वर्षीची नोंदणी फी आणि एजंटची पुन्हा मागणी, दोन्ही टळतं. लॉक-इनची, म्हणजे किती महिने घर सोडता येणार नाही याची, ओळ तेवढी नीट बघायची.

इथे एखादा हुशार भाडेकरू म्हणेल की कलम ५५ मध्येच लिहिलंय, नोंदलेला करार नसेल तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरायचं. मग नोंदणी नसलेलीच बरी की! मलाही हे पहिल्यांदा वाचताना गंमत वाटली होती. पण त्या वाक्याला शेपूट आहे: ‘विरुद्ध सिद्ध होईपर्यंत’. आणि हे म्हणणं ग्राह्य धरलं जाणार कुठं, तर कोर्टात. डिपॉझिटच्या साठ-सत्तर हजारांसाठी तारखा घ्यायची तयारी असेल त्यानं खुशाल हा डाव खेळावा. बाकीच्यांना पत्त्याचा पुरावा म्हणून पासपोर्टला, बँकेला, मुलांच्या शाळेला दाखवायला नोंदलेली प्रत लागते. शिवाय ऑनलाइन नोंदणीत मालकाचा आधार, फोटो आणि अंगठा घेतला जातो. समोर बसलेला माणूस तोच आहे, एवढी खात्री त्यातून आपसूक होते.

मात्र तेवढीच. तो माणूस घराचा मालक आहे का, हे दुय्यम निबंधक, म्हणजे करार नोंदवणारा अधिकारी, तुमच्यासाठी तपासत नाही. ते तपासायचं तुम्हीच.

‘लाइटबिल ज्याच्या नावावर तो मालक’

लाइटबिल सांगतं की वीजजोडणी कुणाच्या नावावर आहे. कितीतरी घरांत ते अजून बिल्डरच्या, आधीच्या मालकाच्या किंवा वारलेल्या वडिलांच्या नावावर येतं. उलटही होतं: नाव बरोबर, पण घरात तिघे भाऊ हिस्सेदार.

बघायचा तो इंडेक्स टू, म्हणजे मालकानं घर घेतलं तेव्हाच्या नोंदणीचा उतारा. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर तो शोधता येतो. सोसायटी असेल तर शेअर सर्टिफिकेटच्या मागच्या बाजूला शेवटचं नाव कुणाचं चढलंय ते बघा. पुढच्या बाजूला पहिल्या सभासदाचं नाव असतं आणि घाईत तेच वाचलं जातं. बंगला किंवा स्वतंत्र घर असेल तर सातबारा किंवा मालमत्ता पत्रक. मूळ मालक वारला असेल तर वारस किती आणि त्यांची संमती कुठं आहे, हे विचारायला लाजू नका. महिन्याकाठी पगाराचा तिसरा हिस्सा देणार आहात.

झोपडपट्टी पुनर्वसन योजनेतलं घर असेल तर जास्त सावध. ते मिळाल्यापासून ठरावीक वर्षं मालकाला ते विकता येत नाही तसंच भाड्यानंही देता येत नाही, आणि कारवाई झाली तर घराबाहेर निघायची वेळ आत राहणाऱ्यावर येते. पागडीच्या खोल्यांचंही तसंच: ‘मालक’ म्हणून जो भेटतो तो बऱ्याचदा स्वतःच भाडेकरू असतो, आणि करारात मुभा नसेल तर पोटभाडेकरू ठेवायचा त्याला अधिकार नसतो.

मालक परदेशात आणि सही त्याच्या मेहुण्याची, असा प्रकार पुण्या-मुंबईत रोजचा. तिथं कुलमुखत्यारपत्र (पॉवर ऑफ अॅटर्नी) मागा आणि घर भाड्यानं द्यायचा अधिकार त्यात शब्दानं लिहिलाय का बघा. मूळ मालक हयात आहे का, हेही विचारा; तो गेला की मुखत्याराचा अधिकार तिथंच संपतो. शक्य असेल तर मालकाशी व्हिडिओ कॉल करा. डिपॉझिट मालकाच्याच बँक खात्यात, एजंटच्या नाही. जाता जाता एक: अनिवासी मालकाला भाडं देताना रक्कम कितीही असो, टीडीएस, म्हणजे भाड्यातूनच आयकर, कापायची जबाबदारी भाडेकरूवर येते. निवासी मालकाच्या बाबतीत ती महिना ५०,००० च्या वर सुरू होते. हे करार झाल्यावर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

‘घरावर कर्ज असेल तर तो मालकाचा प्रश्न’

हप्ते वेळेवर जातात तोवर खरं आहे. हप्ते थकले की प्रश्न तुमच्या दारावर चिकटतो, आणि हे मी शब्दशः म्हणतोय. थकीत कर्जाच्या वसुलीसाठी २००२ चा सरफेसी कायदा आहे. बँक मागणी नोटीस काढते, मग ताब्याची नोटीस घरावर लावते, वर्तमानपत्रात छापते, आणि जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या मदतीनं प्रत्यक्ष ताबा घेऊ शकते. मागणी नोटीस आल्यानंतर बँकेच्या लेखी संमतीशिवाय मालकाला ते घर भाड्यानं देता येत नाही. त्यानं दिलं आणि तुम्ही घेतलं, तर तुमचा पाय पहिल्याच दिवशी खड्ड्यात. सर्वोच्च न्यायालयानं २०१९ च्या एका निकालात असंही म्हटलंय की नोंदणी नसलेल्या किंवा तोंडी भाडेपट्ट्यावर भाडेकरूला फार तर एका वर्षाचा ताबा सांगता येतो. लायसन्सवाल्याचा हक्क तर त्याहूनही पातळ. आणि डिपॉझिट? ते बँकेनं घेतलेलं नसतं. मागायचं मालकाकडं, ज्याच्याकडं हप्त्यालाही पैसे उरलेले नाहीत.

म्हणून विचारायचं: कर्ज आहे का, कोणत्या बँकेचं, हप्ते चालू आहेत का. कर्जखात्याचा ताजा उतारा दाखवा म्हणायचं. बँकेचं ना-हरकत पत्र मिळालं तर उत्तमच. गहाणांची केंद्रीय नोंदवही, म्हणजे सरसाई, थोडी फी भरून कुणालाही तपासता येते. एवढ्यानं मालक बिनसला तर त्याचं बिनसणं हेच उत्तर समजा.

‘सही झाली की मुदत संपेपर्यंत कुणी हलवू शकत नाही’

मामा, हे वाचून मी कपाळाला हात लावला. कारण आपण सही करतो तो कागद शंभरात बहुतेक वेळा भाडेपट्टा नसतोच. तो असतो लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे वापरायची परवानगी. भाडेपट्ट्यानं घरात काही हक्क निर्माण होतो. लायसन्सनं होत नाही. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात या परवान्याचे नियम आहेत. त्यातल्या कलम ५९ प्रमाणे मालकानं घर विकलं तर नवा मालक तुमच्या परवान्याला बांधील नसतो. परवाना रद्द होऊ शकतो. झाला तर सामान हलवायला वाजवी वेळ मिळायचा हक्क आहे, आणि पैसे भरून घेतलेला परवाना तुमची चूक नसताना मोडला तर भरपाई मागता येते. पण ‘हलवू शकत नाही’ असं त्यात कुठंही नाही. त्यामुळे मुदतीच्या मधे घर विकायचं झालं तर किती दिवसांची नोटीस आणि डिपॉझिट कोण परत देणार, ही ओळ करारातच घालून घ्या.

मुदत संपल्यावरचं तर आणखी कडक. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ प्रमाणे राहण्याच्या जागेचा परवाना संपला आणि तुम्ही निघाला नाहीत, तर मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊन ताबा मागू शकतो आणि जास्तीच्या काळासाठी ठरलेल्या रकमेच्या दुपटीनं भरपाई लागू होते. त्याच कलमात एक स्पष्टीकरण आहे, ते मला सगळ्यात धारदार वाटतं: लेखी करारात जे लिहिलंय तो त्या गोष्टीचा निर्णायक पुरावा. म्हणजे ‘राहा हो तीन वर्षं, आपलंच घर समजा’ असं मालक चहाच्या कपावर म्हणाला आणि कागदावर अकरा महिने आले, तर अकराच. रंगकाम कोण करणार, पाण्याची गळती कुणाच्या खर्चानं, मधेच सोडलं तर लॉक-इनचं काय, नोटीस दोन्ही बाजूंना सारखी की फक्त तुम्हालाच, हे तोंडी ठरलं असेल तर ठरलेलंच नाही असं धरून चाला. एजंट मसुदा आयत्या वेळी, अंगठ्याच्या मशीनसमोर दाखवतो. आदल्या दिवशी मागून घ्या.

‘दोन महिन्यांपेक्षा जास्त डिपॉझिट घेताच येत नाही’

हे आलंय आदर्श भाडेकरू कायद्यातून. केंद्रीय मंत्रिमंडळानं तो जून २०२१ मध्ये मंजूर केला आणि राहत्या घराला दोन महिन्यांची मर्यादा त्यात आहे. पण तो ‘आदर्श’ आहे, म्हणजे राज्यांपुढं ठेवलेला नमुना. राज्यानं स्वतःचा कायदा केल्याशिवाय तो कुणालाही बांधत नाही, आणि आपल्याकडे अंमल १९९९ च्या कायद्याचाच. चार महिन्यांचं डिपॉझिट मागणाऱ्या मालकाला हा मेसेज दाखवलात तर तो दुसरा भाडेकरू बघेल, एवढंच. त्यापेक्षा घासाघीस कशावर करायची ते सांगतो: डिपॉझिट किती दिवसांत परत, कशाकशाची कपात, आणि किल्ली व पैसे एकाच वेळी. घरात शिरायच्या दिवशी भिंती, नळ, पंखे, सगळ्याचे फोटो काढून मालकाला पाठवून ठेवा.

राहिलं पोलीस आणि सोसायटी. पोलिसांना दिलेली भाडेकरूची माहिती वेगळी आणि नोंदणी वेगळी. एकानं दुसरं होत नाही. सभासद स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी घेते त्या नॉन-ऑक्युपन्सी चार्जेसना सेवाशुल्काच्या १० टक्क्यांची मर्यादा आहे आणि ते सभासदाकडून घ्यायचे असतात. करारात ते गुपचूप तुमच्या माथी मारलेत का, तेवढं पाहा.

मावसभावानं काल एजंटकडं इंडेक्स टू मागितला. ‘एवढं कोण बघतं साहेब’ म्हणत त्यानं पाठवला. घर दाखवणाऱ्या मालकाच्या एकट्याच्या नावावर नाही, त्याच्या आणि बहिणीच्या नावावर निघालं. लाइटबिल मात्र एकट्या भावाचं. बहीण नाशिकला असते. शनिवारी सहीला येते म्हणाली आहे.