स्युर्मेनेकरांची लेक

गेले तीन आठवडे आमच्या घराण्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच खटला चालू आहे. साताऱ्यात माझ्या दादाची मुलगी, वय १४, बॉक्सिंग शिकायचं म्हणून हटून बसली आहे. तिच्या बाजूने दादा, तोही अर्धामुर्धा. विरुद्ध बाजूला उरलेलं खानदान. 'नाक मोडलं तर पुढे लग्नाला कोण उभं राहणार?' 'आधी दहावी होऊ दे.' 'बॅडमिंटन काय वाईट आहे?' आणि मोठ्या काकांचं ठेवणीतलं वाक्य, 'ही आपली संस्कृती नव्हे.'

मी राहते त्या जर्मनीतल्या श्टुटगार्टात रविवारी भिंतीला भोकसुद्धा पाडता येत नाही, त्यामुळे भांडायला भरपूर वेळ असतो. मी टोकियो ऑलिंपिकमधल्या एका तुर्की बॉक्सरच्या अंतिम लढतीची क्लिप ग्रुपवर टाकली आणि खाली लिहिलं, 'ही बुसेनाझ स्युर्मेनेली. हिच्या घरी कोणी संस्कृती काढली असेल का?' पाच मिनिटांत काकांचं उत्तर आलं. 'तुर्कस्तानचं कौतुक या ग्रुपवर नको. आपण त्यांची सफरचंदंसुद्धा बंद केली आहेत.'

सफरचंदांचं खरं आहे. मे २०२५ मध्ये तुर्कस्तानने पाकिस्तानची बाजू घेतली, तेव्हा पुण्याच्या व्यापाऱ्यांनी तिथली सफरचंदं घेणं थांबवलं. कोणी कुठली सफरचंदं खावीत यावर माझं काही म्हणणं नाही. पण मी विचारत होते मुलीच्या बॉक्सिंगबद्दल, आणि उत्तर आलं फळबाजारातून. तेव्हापासून डोकं फिरलंय ते फिरलंयच.

काकांना सांगायचं राहिलेलं एक इथे सांगते. तुर्की आडनावातला 'ली' म्हणजे आपला 'कर'. त्राबझोन प्रांतात काळ्या समुद्राच्या काठाला स्युर्मेने नावाचं गाव आहे, सुऱ्यांसाठी प्रसिद्ध. तिथली ती स्युर्मेनेली, म्हणजे स्युर्मेनेकर. ही आडनावंही फार जुनी नव्हेत, १९३४ च्या कायद्याने सक्तीची झालेली. आणि नाव बुसेनाझ! फारसीतला बोसा आणि त्याला जोडलेला नाज, आपल्या नाजूकचा भाऊबंद. अशा नावाची मुलगी ६९ किलो वजनगटात जगाला ठोकत होती. त्याच चमूत दुसरी बुसे नाझ, हे नाव तोडून लिहिणारी, चाकिरोलू आडनावाची, ५१ किलोत. टोकियोत दोघींच्या अंतिम लढती ७ ऑगस्ट २०२१ ला झाल्या. चाकिरोलूला रौप्य मिळालं, स्युर्मेनेलीने चीनच्या गू होंगला हरवून सुवर्ण घेतलं. बॉक्सिंगमधलं तुर्कस्तानचं ते पहिलं ऑलिंपिक सुवर्ण, आणि ते पुरुषाने आणलेलं नाही.

तिचा जन्म १९९८ चा, बुर्सातला. वाढली मात्र त्राबझोनला. त्राबझोन म्हणजे काही युरोपाळलेलं शहर नव्हे. फुटबॉलचं वेड, मशिदी, चहाचे मळे आणि गल्लीत कोण कोणाबरोबर दिसलं याची पक्की नोंद ठेवणाऱ्या बायका. थोडक्यात, साताराच. तिथे लहानपणी ती रिंगमध्ये उतरली आणि जाहित स्युमे नावाच्या प्रशिक्षकाच्या हाताखाली तयार झाली. २०१९ ला रशियातल्या उलान-उदेत जगज्जेती, मग टोकियो, मग २०२२ ला इस्तंबूलमध्ये घरच्या प्रेक्षकांपुढे पुन्हा जगज्जेती. त्या इस्तंबूलच्या स्पर्धेत तुर्की मुलींनी पाच सुवर्णं घेतली. (आपली निखत झरीन जिंकली तीही तिथेच, हे काकांना आठवतं. इस्तंबूल आठवत नाही.)

आता मी नेहमीची परदेशस्थ चूक करणार आहे, म्हणजे इथलं सोयीपुरतं सांगणार आहे. आमच्या कान्श्टाट भागातल्या फेराइनमध्ये, म्हणजे क्लबात, बॉक्सिंगची फी महिन्याला १५ युरो. तळघरातला हॉल, घामाचा वास, भिंतीवर १९८० च्या दशकातल्या मिशीवाल्यांचे फोटो. मुलं-मुली एकत्र दोरीवरच्या उड्या मारतात. नाकाची चिंता करणारं तिथे कोणी भेटलं नाही. बायकांना ऑलिंपिकमध्ये हेडगार्ड सक्तीचं, पुरुषांना २०१६ पासून नाही. आणि हेडगार्डने नाक वाचत नाही ते नाहीच. असं सगळं मी ग्रुपवर ऐटीत लिहिलं. हे लिहिलं नाही की इंग्लंडात बायकांच्या हौशी बॉक्सिंगवर १९९६ पर्यंत बंदी होती. १९९८ मध्ये जेन काउचने व्यावसायिक परवान्यासाठी दावा लावला, तेव्हा तिथल्या नियामक मंडळाने मांडलं की पाळीच्या आधीच्या दिवसांत बायका अस्थिर होतात, त्यांना परवाना देणं धोक्याचं. ती जिंकली. पण युक्तिवाद वाचला तेव्हा वाटलं, मोठे काका तेव्हा लंडनला गेले होते की काय.

तुर्कस्तानचंही मी निवडून सांगितलं. टोकियो ऑलिंपिकच्या तीन आठवडे आधी, १ जुलै २०२१ ला, तो देश स्त्रियांवरच्या हिंसेविरुद्धच्या युरोपीय करारातून बाहेर पडला. त्या कराराचं नावच इस्तंबूल करार! ज्या शहराच्या नावाने करार केला, त्याच शहरात दहा महिन्यांनी पाच पोरींची राष्ट्रगीतं वाजवली. आमच्या वरच्या मजल्यावरची तुर्की शेजारीण, आमची आब्ला म्हणजे ताई, जिचे वडील साठच्या दशकात इथल्या कारखान्यात आले आणि 'दोन वर्षांत परत जाऊ' म्हणत कायमचे राहिले, ती तेव्हा म्हणाली होती, 'पदक आणलं की आमची पोरगी, मार खाऊन आली की नवऱ्याची बायको.' मी हे वाक्य ग्रुपवर टाकलं नाही. माझ्या मुद्द्याला ते गैरसोयीचं होतं.

पण मेरी कोमचं मी लिहिलंच. कारण काका दर ८ मार्चला मेरी कोमचा फोटो टाकतात, खाली 'नारीशक्तीला वंदन'. मणिपूरच्या पोरीला वंदन, साताऱ्याच्या पोरीला बॅडमिंटन. २००१ मध्ये, बायकांच्या पहिल्या जागतिक स्पर्धेत, मेरी ४८ किलोच्या अंतिम फेरीत हरली ती तुर्कस्तानच्या ह्युल्या शाहिनकडून. पुढच्या वर्षी पहिलं सुवर्ण जिंकली ते तुर्कस्तानातल्याच अंताल्याला. आणि २०१९ ला उलान-उदेत तिचं आठवं जागतिक पदक कांस्यावर थांबवलं ते त्याच चाकिरोलूने. भारताने निकालाविरुद्ध तक्रार केली, ती फेटाळली गेली. म्हणजे मेरीच्या जागतिक पदकांच्या दोन्ही टोकांना एकेक तुर्की बाई उभी आहे. याला मी प्रतिस्पर्धा म्हणते. बहिष्कार घालून तो इतिहास लिहिता येत नाही.

यावर ग्रुपमध्ये शांतता. मग धाकट्या काकूचा एक हात जोडलेला इमोजी. मी जिंकले असं धरून स्वयंपाकाला लागले.

इथवर लिहिलं ते सगळं खरं. आता जे ग्रुपवर लिहिलं नाही ते.

४ ऑगस्ट २०२१. भारतात सकाळचे अकरा, आमच्याकडे साडेसात. स्वयंपाकघरात टॅब्लेट फळीला टेकवून मी, माझी लेक आणि सिमित (तीळ लावलेला तुर्की गोल पाव) घेऊन खाली आलेली आब्ला. उपांत्य लढत होती, लवलिना बोर्गोहाइं विरुद्ध बुसेनाझ स्युर्मेनेली. लवलिना आसामातल्या गोलाघाट जिल्ह्यातल्या खेड्यातली; ती टोकियोत लढत असताना तिच्या घराकडे जाणारा कच्चा रस्ता पक्का करायचं काम गावात सुरू झालं होतं. मला त्या पोरीसाठी जीव तुटत होता. आसाम मी जन्मात पाहिलेलं नाही. नऊ मिनिटांचा खेळ, आणि पहिल्या फेरीतच दिसलं की ही आपल्या हातातली नाही. पाचच्या पाच पंचांनी तुर्कीण जिंकली म्हणून सांगितलं. आब्लाने लाजत, माझ्याकडे न बघता, हळूच टाळी वाजवली. माझी अकरा वर्षांची लेक मात्र खुर्चीवर चढून ओरडत होती, 'बुसे! बुसे!'

मी तिला खसकन खाली ओढलं. 'आपली कोण ते कळत नाही तुला?'

ती म्हणाली, 'बाइडे.' आणि रडायला लागली. आब्ला सिमित तिथेच ठेवून वर गेली.

बाइडे म्हणजे दोघी. मला ते 'दोघी' सहन झालं नाही. मला इथे २२ वर्षं झाली, पासपोर्ट अजून निळा आहे, आणि त्या सकाळी मला माझ्या स्वयंपाकघरात एक तरी माणूस माझ्या बाजूचं हवं होतं. लेकीचं बरोबर होतं. ती त्या उन्हाळ्यात कान्श्टाटच्या तळघरात जायला लागली होती, तिथला होजा, म्हणजे गुरुजी, त्राबझोनचा, आणि त्याने भिंतीवरच्या मिशीवाल्यांच्या शेजारी बुसेनाझचा फोटो लावला होता. तिच्या लेखी ती तुर्की बाई परकी नव्हती. होजाची गाववाली होती.

हो, माझी लेक बॉक्सिंग करते. पाच वर्षं झाली. ग्रुपवर कोणाला माहीत नाही. आईला मी 'पोहायला जाते' म्हणून सांगितलंय. चौदाव्या वर्षी पहिल्या लढतीसाठी पालकांची सही हवी होती, तो कागद मी तीन आठवडे फ्रिजवर चुंबकाखाली ठेवला. म्हणाले, आधी गणिताचे मार्क बघू. म्हणजे 'आधी दहावी', फक्त जर्मनमध्ये. सही शेवटी नवऱ्याने केली. ती हरली, नाक शाबूत, आणि घरी येताना ट्राममध्ये माझ्या खांद्यावर झोपली. २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये बुसेनाझसुद्धा ६६ किलोत उपांत्यपूर्व फेरीतच थायलंडच्या मुलीकडून हरली होती. त्या संध्याकाळी कोपऱ्यावरच्या डोनरवाल्याने टीव्ही बंद केला आणि मलाच सांत्वन केल्यासारखं जास्तीचं ताक दिलं.

काल साताऱ्याहून भाचीचा वेगळा मेसेज आला. 'आत्या, हाताला गुंडाळायच्या पट्ट्या अडीच मीटरच्या घेऊ की साडेचार? दादांना माहीत नाही.' दादा म्हणजे तिचा बाप. मला कुठलं माहीत असायला? लेकीला विचारलं. तिने एक शब्द न बोलता पट्ट्या काढल्या, फोन फळीला टेकवला आणि मोडक्या मराठीत व्हिडिओ केला. 'आधी अंगठा अडकव. मग मनगट तीन वेळा. खूप टाइट नको, रक्त बंद होतं. साडेचार घे.' डाव्या भुवईखाली परवाचं निळं स्वच्छ दिसत होतं.

मी तो फक्त भाचीला पाठवला. वर लिहिलं, 'कोणाला दाखवू नकोस.'

चौदा वर्षांची ती. रात्रीपर्यंत ग्रुपवर आला. खाली सगळ्यांच्या आधी मोठ्या काकांचं एक वाक्य: 'पोरीच्या डोळ्याला काय लागलंय?'