‘रुआहात प्राणी दिसत नाहीत’? महिना कोणता, ते आधी सांगा

‘सफारी करायची तर मसाई मारा नाहीतर सेरेंगेटी. रुआहात प्राणी दिसत नाहीत, बिग फाइव्ह (सिंह, हत्ती, रानम्हैस, बिबट्या, गेंडा) होत नाहीत आणि खर्चही झेपत नाही.’ हा सल्ला प्रवासाच्या ग्रुपांवर सारखा फिरतो. रुआहा या दक्षिण टांझानियातल्या सुमारे 20 हजार चौरस किलोमीटरच्या राष्ट्रीय उद्यानावर हा अन्याय आहे.

प्राणी दिसत नाहीत? डिसेंबर ते एप्रिल पावसाळ्यात पाणी जागोजागी असतं, गवत माजतं, कळप पांगतात. त्या दिवसांत गेलेल्यांची तक्रार खरीच असते. ऑगस्ट ते ऑक्टोबर मात्र ग्रेट रुआहा नदीत डबकीच उरतात, मग सगळ्यांना तिथेच यावं लागतं. म्वागुसी तर वाळूचीच नदी. वर थेंब नसतो, पण हत्ती पायांनी वाळू उकरतात, सोंडेने खड्डा खोल करतात आणि पाझर साचला की पितात. ते हलले की त्याच खड्ड्यांवर इम्पाला हरणं आणि बबून माकडं येतात. हे पाहायचं तर ऊन चढल्यावर काठच्या सावलीत गाडी बंद करून तासभर बसा. नेमक्या त्याच वेळी बहुतेक गाड्या मुक्कामी परतलेल्या असतात. सिंहांसाठी पहाट राखून ठेवा. पाण्यावर येणाऱ्या रानम्हशींसाठी ते काठच्या झुडपांत दबा धरतात.

बिग फाइव्हचं म्हणाल तर गेंडा दिसणार नाही, हे मान्य. पण मोठा आणि छोटा असे दोन्ही कुडू, रोन, सेबल ही हरणं आणि आफ्रिकी रानकुत्रे एकाच उद्यानात किती ठिकाणी आहेत?

खर्चाचा मुद्दा अर्धाच खरा आहे. उद्यानापर्यंतचं छोटं विमान महाग पडतं, शिवाय सामान 15 किलोच, तेही मऊ बॅगेत. पण दार-ए-सलामहून इरिंगा शहरापर्यंत बस आहे. पुढे जीप ठरवली की उद्यानातलं म्सेम्बे सुमारे 130 किलोमीटर. तिथे उद्यानाच्याच साध्या खोल्या मिळतात. प्रवेशशुल्क सेरेंगेटीपेक्षा बरंच कमी आहे आणि परवाना 24 तासांचा असतो. दुपारी दोनला आत शिरलात तर एकाच शुल्कात संध्याकाळ आणि दुसरी सकाळ, दोन्ही फेऱ्या होतात. शुल्कासाठी कार्ड जवळ ठेवा, नुसत्या रोकडीवर विसंबू नका.

खरा त्रास या सल्ल्यात येतच नाही: त्सेत्से माशी. ती निळ्या-काळ्या रंगाकडे आणि चालत्या गाडीकडे झेपावते, पातळ कापडातूनही चावते, मलमांना फारशी जुमानत नाही. जीन्स घरी ठेवा, जाड खाकी पूर्ण बाह्यांचे कपडे घाला आणि झुडपी पट्ट्यातून जाताना काचा वर करा.