नुरा कुस्तीत कोबाल्टला गदा कशी मिळवून द्यावी

सिनगॅसपासून, म्हणजे कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजनच्या मिश्रणापासून, डिझेल काढायला कोणता कॅटॅलिस्ट (उत्प्रेरक) सरस, यावर पुन्हा पेपर लिहायला घेताय ना? घ्या, घ्या. पाच महिने, बरेचसे पैसे आणि एका विद्यार्थ्याचा धीर खर्चून मी या कलेतल्या खाचाखोचा शिकलोय. तुम्हाला फुकट देतो.

आधी निकाल ठरवा. जोड नंतर लावायची असते. तुमच्याकडं कोबाल्ट आहे, ग्रँट कोबाल्टवर आहे, म्हणजे गदा कोबाल्टचीच. आता समोर उभं करायला लोखंड शोधा.

अॅल्युमिनावर, म्हणजे धातूला आधार देणाऱ्या पुडीवर (सपोर्टवर), कोबाल्ट 20 टक्के चढवा, लोखंड 5 टक्के. आकडा मात्र 'प्रति ग्रॅम कॅटॅलिस्ट' असा छापा. धातूच्या ग्रॅममागं किती, पृष्ठभागावरच्या एकेका अणूमागं किती, असल्या चौकशा करणारा भेटलाच, तर त्याला जेवायला न्या आणि तांबड्या रश्श्यात विषय बुडवा.

निकेल टेबलात ठेवाच. त्याला मिथेनपलीकडं फारसं काही सुचत नाही, आणि शेवटच्या नंबरावर कोणीतरी लागतंच.

रुथेनियम ठेवू नका. तो खरंच चांगला आहे.

आता मुख्य डाव. दोघांना एकाच आखाड्यात उतरवायचं, फक्त आखाडा कोबाल्टचा निवडायचा. तापमान 220 अंश, दाब 20 बार, एका कार्बन मोनॉक्साइडमागं दोन हायड्रोजन, सुरुवातीला शुद्ध हायड्रोजनमध्ये रिडक्शन, म्हणजे ऑक्साइडमधला ऑक्सिजन काढून नुसता धातू उरवणं. 'दोन्ही कॅटॅलिस्ट समान परिस्थितीत तपासले' हे वाक्य लिहिताना छाती आपोआप फुगते. कोल्हापूरच्या खासबागेत लाल मातीवर वाढलेला गडी उचलायचा, मॅटवर सोडायचा, मॅटचे नियम त्याला सांगायचे नाहीत आणि सहा मिनिटांत गुणांवर हरला की पेपरात छापायचं, 'मातीत दम नाही'.

लोखंडाचं काम चालतं कार्बाइडवर, म्हणजे लोखंड आणि कार्बनच्या संयुगावर. हायड्रोजनमध्ये भाजून काढलेलं नुसतं लोखंड अजून आखाड्यात उतरलेलंच नसतं. त्याला कार्बन मोनॉक्साइड किंवा सिनगॅसमध्ये मुरवावं लागतं, चिमूटभर पोटॅशियम लागतं, तापमान जरा चढं लागतं. हा त्याचा खुराक. तो दिला की त्याच्या अंगी एक गुण येतो, जो कोबाल्टकडं जवळपास नाहीच: तयार झालेल्या पाण्याशी कार्बन मोनॉक्साइडची गाठ घालून ते आपला हायड्रोजन आपणच कमावतं. म्हणून कोळशाच्या, लाकडाच्या, बगॅसच्या (उसाच्या चोथ्याच्या) गॅसला, जिथं मुळातच हायड्रोजनची बोंब, तिथं लोखंड. दक्षिण आफ्रिकेत सासोलनं 1955 मध्ये कोळशाच्या गॅसवर लोखंड चालवलं. शेलनं 1993 मध्ये मलेशियात बिंटुलूला नैसर्गिक वायूपासून केलेल्या गॅसवर कोबाल्ट चालवला. दोघांचं बरोबर. चूक फक्त तुमच्या पेपरातल्या त्या एका टेबलाची, ज्यात 'कोबाल्ट लोखंडाच्या पाचपट' असं जाड ठशात छापलं होतं आणि गॅस कुठला ते कुठंच नव्हतं.

ते टेबल वाचणारा गाढव मी. इकडच्या एका साखर कारखान्याच्या चीफ इंजिनियरनं विचारलं, "सर, बगॅस जाळून वीज तर करतोयच. डिझेल निघतंय का बघा की. आणि त्यात घालायचं काय, कोबाल्ट का लोखंड?" मी टेबल दाखवलं. म्हटलं, कोबाल्ट, डोळे झाकून. त्यांनी झाकले. मीही झाकले.

कोबाल्ट नायट्रेट मागवलं. लालभडक खडे, 100 ग्रॅममध्ये धातू जेमतेम 20 ग्रॅम. माझ्या विद्यार्थ्यानं ते अॅल्युमिनात मुरवलं, वाळवलं, भाजलं. लालसर धुराचा उग्र वास हुडमध्ये भरून राहिला आणि गुलाबी पूड काळी झाली. रिअॅक्टर उद्यमनगरात टर्न करून आणलेला, गळती एका थेंबाची नाही. बगॅसच्या गॅससारखा एकास एक मिश्रणाचा सिलिंडर लावला. कोबाल्ट तिथं उपाशी बसला. मग त्याच्या आवडीचं दोनास एक दिलं, तरी पेपरातल्या आकड्याच्या निम्मंही पोचेना. पोरगं म्हणालं, "सर, माझंच कुठंतरी चुकतंय." महिनाभर तो हेच म्हणत होता.

त्याचं काही चुकत नव्हतं. पुढचे उपाय त्यातूनच हाती आले.

मोजणी दुसऱ्या तासाला उरका. कोबाल्ट तेव्हा ताजा असतो, नंतर उतरतो. लोखंडाचं कार्बाइड अजून बनतच असतं. तयार होणाऱ्या मेणानं छिद्रं भरून कॅटॅलिस्ट स्थिरावायला दिवस लागतात, पण तोवर कॉन्फरन्सची तारीख निघून जाते.

मिथेन कुणाचं कमी, हे सांगताना एकाचा कन्व्हर्जन (किती कार्बन मोनॉक्साइड खपला ते) 12 टक्के आणि दुसऱ्याचा 60 ठेवा. कन्व्हर्जन वाढला की पाणी वाढतं आणि पाण्यानं सगळाच हिशेब हलतो, हे कोण बघतंय!

सपोर्ट बदलताना धातूच्या कणांचा आकारही बदलू द्या. सिलिकावर 15 नॅनोमीटर, अॅल्युमिनावर 4, आणि वर मथळा 'सपोर्टचा परिणाम'. कोबाल्टचा कण सहा-आठ नॅनोमीटरच्या खाली गेला की एकेका अणूचं काम मंदावतं, आणि अॅल्युमिनाशी जो कोबाल्ट जास्तच गळ्यात गळा घालून बसतो तो तुमच्या 400 अंशांना रिड्यूसच होत नाही. ही मेहनत सपोर्टच्या खात्यावर मांडायची.

तापमान भट्टीचं लिहा. बेडचं, म्हणजे नळीतल्या कॅटॅलिस्टच्या थराचं, नको.

आणि इथं मला चेष्टा जमेनाशी झालीय. अहो, एका कार्बन मोनॉक्साइडच्या मोलमागं 165 किलोज्यूल उष्णता बाहेर पडते! उष्णता पसरवणारं सिलिकॉन कार्बाइड न मिसळता, पुडीतलं पीठ ओतावं तसा कॅटॅलिस्ट नळीत भरलात, तर आत हॉटस्पॉट होणार नाही तर काय होणार? बाहेर 220 दिसतंय, आत किती आहे देव जाणे, आणि तो फुगलेला आकडा तुम्ही कोबाल्टचं कर्तृत्व म्हणून छापता. कार्बन बॅलन्स का दिला नाहीत? गेला कुठं उरलेला कार्बन? 1943 मध्ये, महायुद्ध पेटलेलं असताना, जर्मनीत श्वार्झहाइडला सहा वेगवेगळ्या गटांचे लोखंडाचे कॅटॅलिस्ट शेजारी शेजारी लावून, एकच गॅस देऊन तपासले होते. त्यांना जमलं. तुम्हाला एसीत बसून एक थर्मोकपल (तापमान मोजायची तार) बेडमध्ये घालायला होत नाही? लाज वाटायला पाहिजे. आकडे चुकतात, माझेही चुकलेत. पण तुम्ही चुकला नाहीत, तुम्ही लपवलंत, आणि इकडं बावीस-तेवीस वर्षांचं पोर रात्री अकराला लॅबमध्ये स्वतःला दोष देत बसलं.

लोखंड आम्ही शेवटी त्याच्या खुराकावर चालवलं. तिसऱ्या दिवशी रिअॅक्टरमधून निघालेला माल साठतो त्या ट्रॅपच्या तळाला पांढरं मेण दिसलं, बोटावर घेतलं तर मेणबत्तीसारखंच. पोरगं हसलं, पाच महिन्यांत पहिल्यांदा.

तुम्हाला दोन मेल केलेत. तिसरा करणार नाही. कोबाल्ट नायट्रेटची अर्धी बाटली शिल्लक आहे, इथल्या पावसात खडे पाझरायला लागलेत. येऊन घेऊन जा.