इथे टॅप करा, काका

माझ्या पुतण्याचं ठाम मत आहे की मला गेममधलं काही कळत नाही. माझं म्हणणं असं की कळतं, पण त्याच्या फोनमधला गेम आधी सुरू तर होऊ दे.

दर चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, आम्ही सगळे गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या घरी जमतो. गणपतीवर छताला फळं-फुलं टांगायची ती माटोळी बांधताना मला शिडीवर चढू देत नाहीत. आरतीला वाजवायचा मातीचा घुमट हातात घेतला की शेजारी शामेळ हे तालवाद्य वाजवणारा माझ्याकडे केविलवाण्या नजरेनं बघतो. म्हणून मला वसरीवर, म्हणजे ओसरीवर, मुलांच्या ताब्यात देण्यात येतं. तिथं पुतणे-भाचे ओळीनं फोन घेऊन बसलेले असतात. "काका, हा नवीन गेम खेळा. एकदम भारी!" मग तो उतरेपर्यंत वाट बघायची. आमच्या घरी रेंज फक्त तुळशीपाशी येते आणि चवथीच्या दिवसांत तुळशीपाशी पाऊसही येतो. तेव्हा एकानं छत्री घेऊन, हॉटस्पॉट चालू करून तिथं उभं राहायचं. शेजारच्या आजीनं मागे एकदा विचारलंसुद्धा, पोरानं कसला नवस बोललाय म्हणून. गेम पूर्ण उतरला की म्हणतो, आता अपडेट घ्या. अपडेट अर्ध्यावर आलं की वीज जाते.

हे सगळं पार पडून गेम सुरू झालाच, तर पडद्यावर चिलखत घातलेली एक तरुणी येऊन बोलायला लागते. राज्यावर संकट आलंय म्हणे. मी चष्मा लावून वाचायला घेतो, तोवर पुतण्या ओरडतो, "काका, ते कोण वाचत नाही! स्किप करा." मग पांढरं हातमोज्यातलं एक बोट नाचायला लागतं. इथे टॅप करा. केलं. शाब्बास, ही घ्या शंभर नाणी! आता इथे टॅप करा. केलं. वा, हे घ्या हिरे! काहीही न करता इतकं कौतुक मला लग्नातसुद्धा मिळालं नव्हतं. बाकीचा पडदा काळवंडलेला असतो, दुसरीकडे कुठं बोट लावलं तर गेम ढिम्म हलत नाही. कचेरीत कारकून कागदावर बोट ठेवतो नि आपण तिथं तिथं सही करत जातो, तसला हा पराक्रम. शेवटी राज्य वाचतं. कसं वाचलं ते मला विचारू नका, मी फक्त सह्या केल्या.

या बाबतीत माझा आदर्श म्हणजे १९८५ सालचा सुपर मारिओ. आमच्याकडे तो टीव्ही गेमच्या कॅसेटवर आला, तोही बऱ्याच उशिरा, आणि बहुधा नकली. पण पहिला पडदा आठवून बघा. मारिओ डाव्या टोकाला उभा, उजवीकडे सगळं मोकळं. म्हणजे जायचं उजवीकडे, हे कुणी सांगावं लागत नाही. समोरून कपाळाला आठ्या घातलेलं एक तपकिरी ध्यान चालत येतं. आपटलात तर मेलात, पण सुरुवातच असल्यामुळे गमावलं काय, तर दोन-चार पावलं. पुढच्या खेपेला उडी आपोआप मारली जाते. डोक्यावरच्या प्रश्नचिन्हाच्या विटेला धडक दिली की अळंबं बाहेर पडतं, उजवीकडे घरंगळतं, पुढच्या पाइपाला आपटून परत आपल्याच अंगावर येतं. चुकवायचं म्हटलं तरी सहज चुकत नाही. ते अंगावर आलं की मारिओ मोठा होतो, आणि अळंबं चांगलं हे कळतं. (आम्हा गोवेकरांना ते आधीच माहीत होतं. पावसात रानातली अळंबी रस्त्यावर विकायला आली की भाव न विचारता गाडी थांबवणारे आम्ही.) हा गेम करणाऱ्या शिगेरु मियामोतो आणि त्याच्या मंडळींनी हे सगळं एका अक्षराविना शिकवलंय. बटण जास्त वेळ दाबलं तर उडी उंच जाते, हवेत असताना दिशा बदलता येते. तुम्ही नुसती उडी मारत बसलात तरी बरं वाटतं. माझी पहिली कसोटी हीच आहे. शत्रू, नाणी, राजकन्या सगळं काढून टाका, नुसतं इकडून तिकडे जाण्यात मजा आहे का?

दुसरी कसोटी हरण्याची. हरल्यावर राग कुणाचा येतो, ते बघायचं. पाजित्नोव्ह नावाच्या मॉस्कोतल्या गृहस्थानं केलेल्या टेट्रिसमध्ये चार-चार चौकोनांचे सात आकार असतात, वरून एकेक खाली येतो, तो फट न ठेवता रचायचा, बस्स. लांब काठी हवी तेव्हा येत नाही हे खरं, पण ती बोळ तिच्यासाठी मोकळी ठेवायचा शहाणपणा आपलाच असतो. म्हणून हरलो की स्वतःच्या नावानं दोन शब्द उच्चारायचे आणि पुन्हा सुरू करायचं. हात आपणहून बटणाकडे जातो. यात जिंकणं नाहीच, वेग वाढत जातो आणि कधीतरी ढीग वर टेकतो. २०२३च्या डिसेंबरात मात्र अमेरिकेतल्या तेरा वर्षांच्या एका मुलानं निन्टेन्डोच्या जुन्या टीव्ही गेमवर टेट्रिस इतका वेळ टिकवला, की शेवटी गेमच जागच्या जागी गोठला. ही बातमी मी पुतण्याला मोठ्या उत्साहानं ऐकवली. तो म्हणाला, "त्याला बक्षीस काय मिळालं? स्किन?" स्किन म्हणजे गेममधल्या पात्राचा नवा पोशाख.

हे असं आहे. या पिढीला बक्षीस लागतं, आणि ते देणाऱ्यांनी दुकानच थाटलंय. तीन लेव्हल संपल्या की पडद्यावर एक रंगीत चक्र येतं. फिरवा, नशीब आजमावा! पेटी उघडा, आत काय निघेल सांगता येत नाही! पहिली पेटी फुकट, मग पैसे मोजा. आता गंमत बघा. पणजीला मांडवी नदीत कॅसिनोची जहाजं रात्रभर रोषणाई करून उभी असतात, आणि आम्हा गोवेकरांना तिथं जाऊन खेळायला २०२० पासून बंदी आहे. पर्यटकांनी बुडावं, आम्ही काठावरून बघावं, असा हिशेब. आणि इकडे सत्तरीत, गणपतीच्या मखरापासून चार हातांवर बसून माझा सहावीतला पुतण्या चक्र फिरवतोय! मी हा मुद्दा मांडला तेव्हा भाऊ म्हणाला, "सणासुदीला भाषण नको."

पोराची बाजूही सांगायला हवी. सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी त्यानं मला लॅपटॉपवर माइनक्राफ्ट नावाचा गेम दाखवला. तिथं बोट नाचवणारं कोणी नाही. मोकळं रान असतं, झाड फोडायचं, दगड काढायचे. गेममधला अख्खा दिवस वीस मिनिटांचा, आणि अंधार पडला की राक्षस बाहेर येतात, त्यामुळे घर बांधायची अक्कल सक्तीनं येते. त्यानं आमचंच घर बांधलं होतं. कौलं, वसरी, वसरीवरचे बसायचे कट्टे, मधलं राजांगण. छताला साखळ्या लावून त्यांना हिरवे-लाल ठोकळे टांगले होते. "माटोळी," तो म्हणाला. "हे केळं, ही तोरिंगं. सुपारीचा रंग मिळाला नाही." मी त्या घरात बराच वेळ नुसता फिरत राहिलो. वसरीच्या कोपऱ्यात एक माणूस एकटाच उभा होता, तो कोण म्हणून विचारलं. "तुम्ही. तुम्हाला काय काम देणार?"

पण आमच्या घरातली अस्सल खेळाडू म्हणजे वहिनी. गोळ्या-चॉकलेटं जुळवायचा तो गेम ती खेळते. पाच जीव संपले की अर्ध्या तासानं एक जीव मिळतो, नाहीतर पैसे भरा, नाहीतर ओळखीच्यांकडे मागा. खेळणाऱ्याला ताटकळत ठेवणारा गेम माझ्या लेखी बादच. पण वहिनी ताटकळत नाही. एका हातानं खतखत्याच्या भाज्या चिरता चिरता ती दुसऱ्या हातानं फोनमधली तारीखच पुढं ढकलते. गेमला वाटतं काळ लोटला, तो निमूटपणे सगळे जीव परत देतो. ही परंपरा थोर आहे. १९८६ साली हाशिमोतो नावाच्या जपानी माणसाला स्वतःच्याच कंपनीचा गेम तपासताना तो इतका कठीण जाऊ लागला, की त्यानं वर-वर-खाली-खाली अशी बटणांची गुप्त चाल त्यात घालून ठेवली आणि मग ती काढायची राहून गेली. पुढं तीच चाल काँट्रा नावाच्या गेममध्ये दाबून आम्ही तीस जीव मिळवायचो आणि तरीही मरायचो. गेमच्या डोळ्यांत धूळ फेकण्यासारखं सुख नाही, आणि वहिनीच्या चेहऱ्यावर ते सुख मी पाहिलंय.

यंदा चवथीच्या आदल्या रात्री तिचे जीव बरेच वेळा संपले असावेत. दुसऱ्या दिवशी सकाळी भटजींनी हातात अक्षता घेतल्या, घरात चिडीचूप, प्राणप्रतिष्ठेचा मंत्र सुरू होतोय न होतोय तोच देवघराच्या फडताळावरून वहिनीचा फोन खणखणायला लागला. फोनच्या हिशेबानं चवथ उलटून गेली होती. पुतण्यानं धावत जाऊन फोन उचलला आणि पडद्यावरची आठवण खणखणीत आवाजात वाचून दाखवली, "गणपती पोचवायला जाणे. नारळ विसरू नये."

भटजींनी डोळे उघडले. "वहिनी," ते म्हणाले, "आधी देवाला जरा बसू तरी द्या."