रिकाम्या जागेची बाजू कोण घेणार?

शिवाजी पार्कचं नेमकं काय करायला हवं, हे दादरमधल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. पंचाईत एवढीच, की प्रत्येकाला वेगळं ठाऊक आहे. म्हणून मैदानाच्या सुधारणेसाठी हरकती-सूचनांची बैठक लागली, की आम्ही कट्टेकरी घरून जेवून निघतो. बीपीची गोळी खिशात असते.

अशा बैठकीची वेळ सकाळी अकराची आणि वार कामाचा. म्हणजे मैदानावर घाम गाळणारी पोरं शाळेत, त्यांचे आईबाप ऑफिसात, आणि भेळवाला अजून कांदा चिरतोय. उरतो आम्ही, निवृत्त. कट्ट्याचा सर्वात चिवट वापर ज्यांचा, ती प्रेमी युगुलं तर बैठकीला कधीच येत नाहीत. त्यांच्या गैरहजेरीत 'बाकांना मधोमध लोखंडी हात लावा' हा ठराव एकमताने मंजूर होतो. खरं तर नकाशा घेऊन मैदानातच चार वेळा उभं राहावं: पहाटे सहाला, भर दुपारी, संध्याकाळी पाचला आणि रात्री आठनंतर. कुठल्या फाटकाशी गर्दी तुंबते, बाई-माणूस कुठल्या कोपऱ्याला वळसा घालून जातं, पोरं पाणी प्यायला किती लांब जातात, एवढं लिहून काढलं तरी अर्ध्या सूचना गळून पडतात. आणि फॉर्मवर 'उद्यानात काय हवे?' हा प्रश्न छापूच नये. तो छापला की किराण्याची यादी येते. 'इथे तुमचं काय अडतं?' असं विचारावं. मग माणूस गप्प होतो, आणि विचार करायला लागतो.

या मैदानाचा इतिहास आम्हाला पाठ आहे. पालिकेने ते १९२५ मध्ये खुलं केलं, तेव्हा ते माहीम पार्क होतं. १९२७ मध्ये, शिवजन्माच्या त्रिशताब्दीला, नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांनी आग्रह धरला आणि शिवाजी पार्क हे नाव मिळालं. महाराजांचा पुतळा १९६६ चा. २०१० मध्ये उच्च न्यायालयाने मैदान शांतता क्षेत्र ठरवलं. २०२४ मध्ये पाच नंबरच्या फाटकाजवळ रमाकांत आचरेकर सरांचं स्मारक झालं. पण यातलं सगळं बांधलेलं, बसवलेलं किंवा जाहीर केलेलं आहे. मैदानातला सर्वात जुना ऐवज म्हणजे मधली रिकामी जागा, आणि बैठकीत तिच्या बाजूने बोलायला कुणी उठत नाही. रिकाम्या जागेचं उद्घाटन करता येत नाही ना.

त्यामुळे ज्याला जे सुचेल ते तिथे ठेवायचं असतं. कुणाला ओपन जिम, कुणाला सेल्फी पॉइंट, कुणाला अ‍ॅक्युप्रेशरची वाट, कुणाला कारंजं. कारंज्याबद्दल थोडं सांगायलाच हवं. समुद्र हाकेच्या अंतरावर, हवा खारी. अशा हवेत पंप आणि नोझल फार टिकत नाहीत. कारंजं बंद पडलं तरी हौद राहतो, हौदात पाणी राहतं, आणि काही दिवसांत तेच पालिकेचं कीटकनाशक खातं येऊन धूर मारून जातं. एका खात्याने डास पाळायचे आणि दुसऱ्याने मारायचे, ही आमच्याकडची रोजगार हमी.

दिव्यांचंही तसंच. 'अंधार आहे' ही तक्रार खरी असते, पण उत्तर म्हणून उंच हायमास्ट येतो. तो वर्षावृक्षांच्या छत्रीच्या वर उजळतो. झाडांच्या शेंड्यांवर लख्ख चांदणं आणि खाली वाटेवर पूर्वीपेक्षा गडद सावली, कारण आता डोळे दिपलेले. वाटेसाठी दिवा फांद्यांच्या खाली हवा: चार मीटरचा खांब, प्रकाश खाली वळवलेला, रंग पिवळसर. हे बैठकीत सांगितलं की कुणीतरी विचारतं, 'मग स्टेडियमसारखं कसं दिसणार?'

झाडांच्या बाबतीत मात्र विनोद संपतो. बुंध्याचा व्यास छातीच्या उंचीवर मोजा आणि त्याला बाराने गुणा. साठ सेंटीमीटर व्यासाच्या झाडाभोवती सात मीटरच्या आसपास त्रिज्येत मुळांचा संसार असतो. तिथे जेसीबी घालायचा नसतो, सिमेंटचं पाणी मुरू द्यायचं नसतं, पेव्हर ब्लॉक तर मुळीच नकोत. प्रत्यक्षात ब्लॉक बुंध्याला टेकवतात, कारण कंत्राटात मोजमाप चौरस मीटरचं असतं आणि झाडाने अडवलेल्या जागेचे पैसे मिळत नाहीत. तीन-चार पावसाळ्यांनी झाड आडवं होतं. पंचनाम्यात वाऱ्याचं नाव लागतं.

आता मुख्य विषय, म्हणजे धूळ. मैदानावर लाल माती आहे आणि आसपासच्या खिडक्यांवरही तीच आहे. दुपारी समुद्राकडून वारा सुटतो, तेव्हा पूर्वेकडच्या इमारती तक्रार करतात. थंडीत पहाटे वारा जमिनीकडून येतो, तेव्हा पश्चिमेकडच्या. अशा दोन पाळ्यांत तक्रारवही भरते. धूळ होते कशी, तर पावसात मातीचा बारीक गाळ वर येतो, ऑक्टोबरच्या उन्हात त्याची पापडी धरते, आणि क्रिकेटच्या बुटांचे खिळे, सायकली आणि धावणारे पाय ती पापडी कुटून तिचं पीठ करतात. मग मैदान खडबडीत झालं म्हणून आणखी ट्रकभर माती आणून पसरतात. सैल माती, वर नुसती फिरवलेली. म्हणजे पिठात पीठ.

माती टाकायलाही हात लागतो. मूठभर घ्यावी आणि आवळावी. मुठीतच भुगा झाला तर ती कोरडी आहे, तिच्यावर रोलर फिरवणं म्हणजे डिझेल जाळणं. तळव्याला चिकटली तर जास्त ओली, रोलरलाच लगदा लागतो. ढेकूळ टिकलं आणि कमरेच्या उंचीवरून टाकल्यावर दोन-तीन तुकडे झाले, तर लगेच दाबून घ्यावी, आणि तीही पाच-सात सेंटीमीटरच्या थराने. एकदम वीतभर थर घातला की वरचा भाग दगड आणि खालचा भाग रवा. हे काम सकाळच्या दोन तासांत उरकावं लागतं. दहानंतर ऊन ओल पिऊन टाकतं. कंत्राटदाराचा माणूस येतो साडेअकराला.

'पाणी मारा ना मग,' असं प्रत्येक बैठकीत कुणीतरी म्हणतंच. मारू. मैदान सुमारे २८ एकर, म्हणजे एक लाख तेरा हजार चौरस मीटर. वास्तू, झाडं, वाटा वजा करून ८० हजार धरू. त्यावर एक मिलिमीटर पाणी म्हणजे ८० हजार लिटर, दहा हजारी टँकरचे आठ. एप्रिलच्या उन्हात दिवसाला पाच मिलिमीटर सहज उडून जातं. म्हणजे माती दिवसभर ओली ठेवायची तर रोज चाळीस टँकर. हा हिशोब फळ्यावर मांडला की पाच मिनिटं शांतता पसरते. मग कुणीतरी मिठाचा उपाय काढतं. कॅल्शियम क्लोराइड हवेतली ओल धरतं आणि धूळ बसवतं, हे खरं. पण त्यावर गवत जगत नाही आणि पहिल्या दणकट पावसात ते वाहून जातं.

पावसाचं गणित उलटं आहे. मुंबईत पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरहून जास्त कोसळतो. त्याच ८० हजार चौरस मीटरवर तो १६ कोटी लिटरच्या वर भरतो. हे पाणी धरायला मैदानात रिंगवेल, म्हणजे काँक्रीटच्या कड्यांच्या विहिरी झाल्या, ही गोष्ट चांगलीच झाली. फक्त लाल मातीचा गाळ विहिरीच्या तळाच्या खडी-वाळूत शिरला की पाणी मुरणं थांबतं. म्हणून तोंडाशी गाळ अडवणारी टाकी लागते, आणि ती मे महिन्यात उपसावी लागते. टाकी बांधण्याचा खर्च निविदेत सापडतो, उपसण्याचा नाही.

शेवटी गवत. धुळीवर टिकणारा उपाय तोच, आणि दूर्वा त्यासाठी उत्तम. गणपतीला वाहतो तीच. जमिनीलगत पसरते, तुडवली तरी पुन्हा फुटते. लावायची जूनमध्ये, पहिल्या दोन दमदार पावसांनंतर, आणि मग सहा ते आठ आठवडे तिच्यावर कुणी पाय द्यायचा नाही. तर ऐन पावसाळ्यात क्रिकेटची कांगा लीग. १९४८ पासून ओल्या विकेटवर खेळायची ही स्पर्धा, म्हणजे पावसाचं कारण सांगायची सोय नाही. चिखलात फुटबॉल वेगळाच. ऑक्टोबरच्या आसपास दसरा मेळावा. ६ डिसेंबरच्या आधीपासून चैत्यभूमीला येणाऱ्या भीमअनुयायांच्या मुक्कामाचे मांडव, आणि ते हवेतच. २६ जानेवारीचं संचलन. पाडव्याचा मेळावा. १ मेचं संचलन. खेळाखेरीज कार्यक्रमांना वर्षाचे ४५ दिवस राखलेले आहेत, पण मांडवाच्या बांबूने पडलेला खड्डा पंचेचाळिसाव्या दिवशी बुजत नाही. आणि मेमध्ये उन्हाळी शिबिरं: प्रत्येक नेटमागे वीस पोरं, प्रत्येक पोरामागे एक आजोबा.

त्यामुळे सगळं मैदान एकदम हिरवं करण्याचा बेत कागदावरच बरा. आठ भाग पाडावेत आणि दर पावसाळ्यात एकच भाग दोरी लावून बंद करावा. तेवढ्याच भागाची माती चाळावी, उतार शंभराला एक ठेवावा आणि दूर्वा लावावी. आठ वर्षांत मैदानाची एक फेरी पूर्ण. या योजनेला बैठकीत पहिल्यांदाच कुणाची हरकत नसते. क्रिकेटवाले म्हणतात, फुटबॉलच्या बाजूने सुरुवात करा. फुटबॉलवाले म्हणतात, पुतळ्याच्या बाजूने. सकाळी चालणारे म्हणतात, पोरं जिथे खेळतात तिथून. आणि आम्ही म्हणतो, कुठूनही करा, फक्त दोरी कट्ट्याला बांधू नका, पाठीला लागते.